आलेख जुळला म्हणजे साथीचं मॉडेल बरोबर, असं धरायचं का?

गणिती मॉडेल मृत्यूंच्या आकड्यांशी जुळलं, तर साथ खरोखर तशीच पसरली असं म्हणता येतं का, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: नाही. मी हा विषय शिकवतो आणि दरवेळी मुंबईचंच उदाहरण घेतो.

1927 साली केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी साथींच्या गणितावर शोधनिबंध लिहिला. या विषयाची सुरुवात आजही तिथूनच करतात. लागण होऊ शकेल असे लोक, आजारी लोक आणि साथीतून बाहेर पडलेले (बरे झालेले किंवा दगावलेले) अशी त्यांची विभागणी होती. पडताळ्यासाठी त्यांनी डिसेंबर 1905 ते जुलै 1906 मधले मुंबईतले प्लेगचे मृत्यू घेतले. सूत्रातली रेषा एप्रिलच्या मध्यावर आठवड्याला 890 मृत्यूंपर्यंत चढते आणि उतरते. प्रत्यक्षातले आकडे तिला फार सुरेख बिलगतात.

आता ती रेषा कशामुळे उतरते, ते बघा. मॉडेलमध्ये साथ ओसरते ती लागण होण्याजोगी माणसं कमी पडल्यामुळे. पण त्या रेषेखालचे एकूण मृत्यू सुमारे 9 हजार भरतात, आणि प्लेग झालेले बहुतेक जण तेव्हा मरतच. म्हणजे बाधितही फार तर थोडे जास्त. नऊ-दहा लाख वस्तीच्या शहरात एवढ्याने माणसं कशी संपतील? शिवाय प्लेग दुसऱ्या वर्षी पुन्हा आलाच! गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत येतो आणि ऋतूप्रमाणे चढतो-उतरतो. समीकरणांत उंदीरही नव्हते, ऋतूही नव्हता. आपली गृहीतकं इथे ढोबळमानानेच लागू पडतात, हे लेखकांनी स्वतःच नोंदवलंय. पाठ्यपुस्तकांत मात्र बहुधा आलेख तेवढा उरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तरीही तो निबंध मोलाचा आहे. लागण होण्याजोग्या लोकांची दाटी एका उंबरठ्याखाली असेल तर साथ पेटतच नाही, आणि पेटली तरी सगळ्यांना गाठण्याआधीच विझते, हे त्यातून सिद्ध होतं. लसीकरणाचा हिशोब याच उंबरठ्यावर उभा आहे.

म्हणून कुठलंही मॉडेल हाती आलं की मी आधी पाहतो, त्यातली साथ कशामुळे थांबते, आणि ते कारण मृत्यूंच्या आकड्यांखेरीज दुसरीकडे मोजता येतं का. मुंबईत असं मोजमाप झालं होतं, पण ते उंदरांकडे बोट दाखवत होतं. त्याच काळात प्लेग कमिशनच्या लोकांनी शहरातले मेलेले उंदीर गोळा करून तपासले. उंदरांमधली साथ माणसांतल्या साथीच्या साधारण दहा-पंधरा दिवस आधी शिखर गाठत होती.