बोगद्याखालून बोगदा : वरचा खचणार नाही ना?

ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह हा भुयारी रस्ता मेट्रो-३ या भुयारी मेट्रोच्या खालून जाणार, त्यामुळे या वेळची बहुतेक पत्रं त्याच काळजीची आहेत.

प्रश्न : मी रोज मेट्रो-३ ने जाते. खालून खणताना आमचा बोगदा खाली बसणार नाही? (गिरगाव)

किंचित बसतोच, मोजमाप मिलिमीटरांत असतं. बोगदा खणणारं यंत्र (टीबीएम) जे भोक पाडतं, ते आत बसवायच्या काँक्रीटच्या रिंगेपेक्षा मोठं असतं. रिंगेभोवती साधारण पंजाएवढी फट उरते. ती मोकळी राहिली की वरची जमीन तीत उतरू पाहते. म्हणून यंत्राच्या शेपटीतूनच सिमेंटची लापशी आणि तिला घट्ट करणारं रसायन एकत्र सोडतात. काही सेकंदांत त्याची जेली होते. दोन बोगद्यांत एका व्यासाएवढं अंतर असावं, हा जुना ठोकताळा. मधला कातळ चांगला असेल तर कमीही चालतं.

प्रश्न : मुंबई काळ्या पाषाणावर उभी आहे, मग एवढी भीती कशाला? (दादर)

पाषाण आहे, पण अखंड नाही. बेसॉल्टला, म्हणजे याच काळ्या पाषाणाला, सांधे (भेगा) असतात, अधूनमधून ब्रेक्सिया (तुकडे चिकटून झालेला खडक) आणि टफ (ज्वालामुखीच्या राखेचा खडक) लागतो. दक्षिण मुंबईत तर वर भराव आणि खाडीची चिकणमाती. माझा पहिला संशय नेहमी पाण्यावर. सांध्यांतून पाणी बोगद्यात झिरपू लागलं की बोगदा गटारासारखा वागतो, वरच्या मातीतलं पाणी ओढून घेतो. पाण्याच्या दाबावर तरलेली ती माती मग आवळते आणि बोगद्यापासून लांबची इमारतही बसू शकते. लोक मात्र हादऱ्यांना शिव्या देत राहतात.

उपाय म्हणजे पुढे लांब भोकं पाडून आधी चाचपायचं आणि सांधे ग्राउटने (सिमेंटच्या लापशीने) भरून मगच पुढे सरकायचं. पाणी आत आल्यावर ग्राउटिंग करणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. होतं तेही, पण खर्च आणि मनस्ताप दुप्पट.

प्रश्न : वरच्या बोगद्याखाली यंत्र थांबत थांबत नेतात का? (सिव्हिलचा विद्यार्थी, ठाणे)

उलट. तिथे थांबणंच वाईट. यंत्राच्या तोंडाचे झिजलेले कटर (कातळ कापणारी पाती) वरच्या बोगद्याखाली शिरण्याआधीच बदलून घ्यायचे, मग तोंडावरचा दाब न हलवता एका चालीने पलीकडे निघायचं.

प्रश्न : वरचा बोगदा हलला, हे कळतं कसं? (परळ)

त्याच्या भिंतीवर छोटे प्रिझम (प्रकाश परत फेकणारे काचेचे तुकडे) बसवतात. स्वयंचलित टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारी दुर्बीण) त्यांच्याकडे रात्रंदिवस टक लावून असतं. ठरलेली मर्यादा गाठली की आधी इशारा, पुढच्या टप्प्याला काम बंद.

आमच्या उमेदीत तड्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा रुपयाएवढा ठिपका देऊन त्यावर पेन्सिलीने तारीख घालायचो. ठिपका चिरला की समजायचं, तडा जिवंत आहे. तुमच्या चाळीच्या जिन्यातल्या तड्यावर आजच असा एक ठिपका द्या, काम जवळ येण्याआधी. तारखेचा फोटोही काढून ठेवा.