मोबाईल बोलून राहिला, थांबवू कसा?

मागच्या अंकात मी फक्त एवढंच लिहिलं होतं की टॉकबॅकबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, आणि मग नागपूरच्या चारही कोपऱ्यांतून, कामठी-हिंगण्याहूनसुद्धा इतके व्हॉइस मेसेज आले की ऐकता ऐकता दोन दिवस गेले. बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच, हे चालू कसं करायचं आणि बंद कसं करायचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, टॉकबॅक म्हणजे अँड्रॉइड मोबाईलमधला स्क्रीन रीडर, स्क्रीनवर जे आहे ते वाचून दाखवणारा, आयफोनमध्ये त्यालाच व्हॉइसओव्हर म्हणतात. दोन्ही २००९ पासून आहेत आणि दोन्ही फुकट आहेत. मी स्वतः पूर्ण अंध आहे, त्यामुळे खाली जे सांगतेय ते रोजच्या वापरातलं आहे.

प्रश्न : ताई, माझ्या बाबांची नजर काचबिंदूनी गेली. त्यांना टॉकबॅक चालू करून दिलं, ते आता स्वतः फोन लावतात. पण मला त्यांच्या मोबाईलवर काही करायचं असलं की तो माझं ऐकतच नाही, मग सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, परत चालू करा, त्यात दहा मिनिटं जातात. काही सोपं आहे का? (मुलगी, मानेवाडा)

आहे ना. आवाज कमी-जास्त करायची दोन बटणं असतात ती दोन्ही एकदम दाबून तीन सेकंद धरून ठेवायची, टॉकबॅक चालू असेल तर बंद होतं आणि बंद असेल तर चालू होतं, आणि तसं झाल्याचं बोलूनही दाखवतं. फक्त हा शॉर्टकट एकदा लावून ठेवावा लागतो. सेटिंग उघडा, त्यात ॲक्सेसिबिलिटी शोधा (काही कंपन्यांच्या मोबाईलमध्ये ते ॲडिशनल सेटिंगच्या आत लपलेलं असतं, सापडत नसेल तर सेटिंगच्या वरच्या सर्चमध्ये टॉकबॅक टाका), मग टॉकबॅक, मग टॉकबॅक शॉर्टकट, आणि तिथे व्हॉल्यूमची बटणं धरून ठेवायचा पर्याय निवडा. लॉक स्क्रीनवरूनही शॉर्टकट चालू द्यायचा का असं विचारणारी सेटिंग दिसली तर तीही चालू करा, ती फार कामाची आहे, का ते पुढच्या एका उत्तरात सांगते.

बरेच जण इथे चुकतात ते असं की एक बटण आधी दाबलं जातं आणि दुसरं मागून, मग नुसता आवाज कमी-जास्त होतो. किंवा घाईत पॉवरचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण दाबलं जातं आणि स्क्रीनशॉट निघतो. मोबाईलला जाड कव्हर असेल तर बटणं नीट दबत नाहीत, बाबांच्या मोबाईलचं कव्हर एकदा काढून पाहा.

आता मोबाईल तुमचं का ऐकत नाही तेही समजून घ्या. टॉकबॅक चालू असताना एकदा टच केलं की मोबाईल फक्त सांगतो की बोटाखाली काय आहे, उघडत नाही. उघडायचं असेल तर त्यानंतर स्क्रीनवर कुठेही पटकन दोनदा टॅप करायचं. वर-खाली सरकवायचं असेल तर एका बोटानी नाही, दोन बोटांनी. एका बोटानी उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट वाचतं, डावीकडे सरकवलं की मागची. बस, एवढं आलं की तुम्हाला बाबांचं टॉकबॅक बंद करायची गरजच पडणार नाही. माझं ऐकाल तर एखाद्या रविवारी दुपारी त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांनाच शिकवायला सांगा, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त येत असेल.

प्रश्न : मॅडम, मला नीट दिसते. पण परवापासून माझा मोबाईल आपोआप बोलून राहिला, जिथे बोट लावलं तिथे चौकट येते आणि उघडत काहीच नाही. दुकानात नेला तर म्हणे फॉरमॅट मारावा लागेल, सगळे फोटो जातील. नातीचे फोटो आहेत जी त्यात. (एक काका, इतवारी)

काका, फॉरमॅट अजिबात मारू नका, मोबाईल बिघडलेलाच नाही. खिशात किंवा मुलांच्या हातात दोन्ही व्हॉल्यूमची बटणं दाबली गेली असतील आणि टॉकबॅक चालू झालं असेल. तीच बटणं तीन सेकंद धरा, बंद होईल. नाही झालं तर वर मानेवाड्याच्या ताईंना सांगितलं तसं करा, सेटिंगवर एकदा टच, मग दोनदा टॅप, दोन बोटांनी खाली सरकत ॲक्सेसिबिलिटी, तिथेही एकदा टच आणि दोनदा टॅप, मग टॉकबॅक, मग त्याचा स्वीच. बंद करायचं का असं विचारलं तर ओकेवर एकदा टच करून पुन्हा दोनदा टॅप. गूगल असिस्टंट चालू असेल तर ‘टर्न ऑफ टॉकबॅक’ असं नुसतं बोललं तरी होतं.

दुकानदाराला माहीत नसेल, मी त्याला वाईट म्हणत नाही, पण मोबाईल विकणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला एवढी एक गोष्ट माहीत असायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण उद्या त्याच दुकानात माझ्यासारखं कोणी टॉकबॅक चालू करून मागायला येणार आहे.

प्रश्न : मी जन्मापासून अंध आहे, टॉकबॅक चांगलं येतं. माझा त्रास वेगळा आहे. घरचे मोबाईल घेतात, कोणी फोटो पाहायला, कोणी रिचार्ज मारायला, टॉकबॅक बंद करतात आणि तसाच ठेवून देतात. मी हातात घेते तर मोबाईल मुका. मग कोणी घरी येईपर्यंत वाट पाहायची. बोललं तर म्हणतात एवढ्याशा गोष्टीवर काय चिडते. (वाचक, महाल)

ताई, ही एवढीशी गोष्ट नाहीये. तुमचा मेसेज मी तीनदा ऐकला.

माझ्याबरोबर झालेलं सांगते. काही वर्षांआधीची गोष्ट, मे महिना, मी आणि माझा मावसभाऊ मेट्रोनी निघालो, त्यानी तिकीट काढायला माझा मोबाईल घेतला, टॉकबॅक मध्ये येतंय म्हणून बंद केलं आणि सीताबर्डीच्या इंटरचेंजला, जिथे ॲक्वा लाइन आणि ऑरेंज लाइन भेटतात, तिथे मोबाईल माझ्या हातात देऊन तो त्याच्या गाडीनी निघून गेला. मला पुढे खापरीकडे जायचं होतं. मोबाईल काढला तर काही बोलेना. चालू आहे की बंद, चार्जिंग संपलं की काय, काही कळेना, नुसती गुळगुळीत काच. शॉर्टकट तेव्हा मी लावलेला नव्हता. मला घ्यायला येणाऱ्या मैत्रिणीला फोन करता येईना, आणि तिचा फोन आला तर रिंग वाजतेय पण उचलू कसा ते समजेना. शेवटी तिथल्या एका गार्डदादांना विनंती केली, मी तोंडानी एकेक पायरी सांगत गेले, सेटिंग, ॲक्सेसिबिलिटी, टॉकबॅक, आणि ते बिचारे करत गेले. मोबाईल बोलला तेव्हा मला रडू आलं, खरंच आलं. मावसभावाचा हेतू वाईट नव्हता. त्याच्यासाठी तो एक स्वीच होता, माझ्यासाठी पूर्ण मोबाईल गेला होता.

त्या दिवशी घरी आल्यावर पहिलं काम शॉर्टकट लावायचं केलं, लॉक स्क्रीनवरूनही चालेल असा. तुम्हीही आजच लावून घ्या, म्हणजे कोणी बंद ठेवून गेलं तरी दोन बटणं, तीन सेकंद, आणि मोबाईल परत तुमचा. आणि घरात एक नियम करा, मी केला आहे. टॉकबॅक मीच बंद करून देणार आणि परत आल्यावर मीच चालू करणार, दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही. पाहुण्यांनासुद्धा हाच नियम. सुरुवातीला घरच्यांना जास्तच वाटलं, मग मी त्यांना विचारलं की मी तुमच्या खोलीतला लाइट बंद करून, बटण काढून खिशात टाकून निघून गेले तर कसं वाटेल. त्यानंतर कोणी बोललं नाही.

अजून एक. कधी कधी टॉकबॅक चालूच असतं, फक्त त्याचा आवाज कोणीतरी शून्यावर नेऊन ठेवलेला असतो आणि आपल्याला वाटतं बंद आहे. त्यामुळे आधी स्क्रीनवर बोट फिरवत फिरवत आवाज वाढवायचं बटण दाबून पाहा, मग शॉर्टकट वापरा, नाहीतर चालू असलेलं बंद होऊन बसतं.

प्रश्न : कॉलेजला ॲडमिशन झाली म्हणून मामानी आयफोन दिला. यात व्हॉल्यूमची बटणं धरून व्हॉइसओव्हर येत नाही. आणि मध्येच तो बोलायचाच बंद होतो, पण टच तर व्हॉइसओव्हरसारखाच राहतो. (विद्यार्थी, धरमपेठ)

अभिनंदन आधी! आयफोनमध्ये बाजूचं बटण तीनदा पटापट दाबायचं, होम बटणवाला जुना आयफोन असेल तर होम बटण तीनदा. सेटिंग, ॲक्सेसिबिलिटी, आणि खाली शेवटाकडे ॲक्सेसिबिलिटी शॉर्टकट, त्यात फक्त व्हॉइसओव्हर निवडून ठेव. दोन-तीन गोष्टी निवडल्या तर प्रत्येक वेळी आधी मेनू येतो आणि घाईत तोच नडतो. सिरीला, म्हणजे आयफोनमधल्या बोलून काम सांगायच्या असिस्टंटला, ‘टर्न ऑन व्हॉइसओव्हर’ म्हटलं तरी चालतं.

बोलणं बंद होतं त्याचं कारण बहुतेक हे असेल, तीन बोटांनी दोनदा टॅप केलं की व्हॉइसओव्हर चालू राहून फक्त आवाज जातो. तसंच परत केलं की येतो. आणि तीन बोटांनी तीनदा टॅप केलं की स्क्रीन काळी होते, मोबाईल मात्र चालू असतो, त्याला स्क्रीन कर्टन म्हणतात. हे मुद्दाम वापर, बसमध्ये शेजारचा तुझे मेसेज वाचू शकत नाही. अँड्रॉइडवाल्यांनाही टॉकबॅकच्या मेनूत स्क्रीन लपवायचा पर्याय आहे. पिन टाकताना मात्र इयरफोन लावायची सवय ठेव, दोन्हीकडे.

प्रश्न : नवीन अँड्रॉइड घेतला, घरी डोळस कोणीच नाही. पहिल्यापासून मी एकटा सेट करू शकतो का? (वाचक, कामठी रोड)

हो. मोबाईल चालू करा, वेलकमचा पहिला स्क्रीन येईपर्यंत एक-दोन मिनिटं थांबा आणि दोन्ही व्हॉल्यूमची बटणं धरा, टॉकबॅक तिथूनच सुरू होतं आणि कसं वापरायचं तेही शिकवतं. आयफोनमध्ये पहिल्याच स्क्रीनवर बाजूचं किंवा होम बटण तीनदा. वायफायचा पासवर्ड आधी विचारून ठेवा.

प्रश्न : टॉकबॅक इंग्रजीत बोलते, मराठी व्हॉट्सॲप मेसेज वाचतच नाही. (आजोबा, सक्करदरा)

आजोबा, सेटिंगमध्ये टेक्स्ट टू स्पीच असं शोधा, गूगलचं स्पीच इंजिन निवडा, भाषेत मराठी घ्या आणि तिचा आवाज डाउनलोड करा, एकदा नेट लागेल. गती सुरुवातीला कमी ठेवा. महिनाभरात तुम्हीच वाढवाल.

प्रश्न : बँकेच्या ॲपमध्ये केवायसी करताना डोळ्यांची उघडझाप करा असं येतं, मला ते जमत नाही. बँकेत सांगितलं तर म्हणाले, टॉकबॅक बंद करा आणि दुसऱ्या कोणाच्या हातानी करून घ्या. (वाचक, नंदनवन)

ऐकूनच वाईट वाटलं. टॉकबॅक बंद करून तुमची अडचण सुटत नाही, उलट स्वतःच्या पैशाचा व्यवहार तुम्ही दुसऱ्याच्या हातात देता. सुप्रीम कोर्टानी ३० एप्रिल २०२५ ला याच केवायसीच्या प्रश्नावर निकाल दिला, त्यात डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसी अपंग व्यक्तींना जमेल अशी करायला सांगितली. या निकालाचा आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करून बँकेला लेखी अर्ज द्या, त्याच्या कॉपीवर पोच घ्या. अर्ज मोबाईलवर बोलून लिहिता येतो, पाठवायच्या आधी टॉकबॅककडून एकदा पूर्ण वाचून घ्या.

प्रश्न : आईच्या बोटांना संधिवात आहे, दोन बटणं तीन सेकंद धरता येत नाहीत. (मुलगा, हिंगणा)

मग तोंडानी. असिस्टंटला ‘टर्न ऑन टॉकबॅक’ म्हणायला शिकवा, नेट लागेल. सॅमसंगचा मोबाईल असेल तर त्यात साइड बटण आणि आवाज वाढवायचं बटण नुसतं एकदम दाबायचा शॉर्टकट ॲक्सेसिबिलिटीच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये लावता येतो, तो धरून ठेवावा लागत नाही. आणि सोपा उपाय म्हणजे त्यांच्या मोबाईलवर टॉकबॅक कायम चालूच राहू द्या. तुम्हाला त्यांच्या मोबाईलवर काही करायचं असेल तेव्हा दोनदा टॅप करायला तुम्ही शिका.