पोरं सोडून गेली, आता बाँड घेऊ का?

प्रश्न: आमच्या भागात माझी छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. दोन पोरं शिकवून तयार केली आणि दोघांनी सोडून स्वतःचं काम चालू केलं. आता नवीन पोरांकडून बाँड लिहून घेऊ का?

उत्तर: राग येणारच हो, पण बाँडने माणूस फार तर खुर्चीत बसून राहतो, मन लावून काम करेलच असं नाही. आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियातली सिलिकॉन व्हॅली तरी कशी झाली, १९५७ ला शॉकली नावाच्या शास्त्रज्ञाच्या लॅबमधून आठ जण एकदम बाहेर पडले, त्यांनी फेअरचाइल्ड ही चिप बनवणारी कंपनी काढली, मग त्यातलेच नॉइस आणि मूर १९६८ ला बाहेर पडून इंटेल काढून बसले, आणि कॅलिफोर्नियात प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही असले करार कोर्टात सहसा टिकतच नाहीत. (शॉकली तेव्हा जाम चिडला होता म्हणे, नोबेलवाला असून!)

लिहून घ्यायचंच तर कोड आणि क्लायंटचा डेटा बाहेर न्यायचा नाही एवढं घ्या. शेवटच्या दिवशी सर्व्हरचे पासवर्ड बदला, गिटचा (जिथे कोड ठेवता त्याचा) ॲक्सेस काढा, हे बहुतेक जण विसरतातच. आणि त्या दोघांना फोन करा, तुमच्याकडे जास्तीचं काम आलं की बाहेर कुणाला तरी द्यावंच लागतं ना, मग तुमची कोड लिहायची पद्धत माहीत असलेल्यांनाच द्या की.