उपाशी राहून साखर उतरत नाही

प्रश्न : मला अठ्ठाविसावा आठवडा सुरू आहे. पंधरा दिवसांपूर्वी ग्लुकोज पिऊन केलेल्या तपासणीत गरोदरपणातील मधुमेह निघाला. तेव्हापासून मी धान्य जवळजवळ बंद केले असून रात्री केवळ भाजी खाऊन झोपते. वजनही दीड किलोने उतरले आहे. तरीही सकाळी उपाशीपोटी साखर ९८ ते १०२ येते आणि न्याहारीनंतर एका तासाने १५० च्या वर जाते. दुपारची मात्र बरी असते. घरचे म्हणतात, चालणे कमी कर. डॉक्टर म्हणाल्या की असेच राहिले तर इन्सुलिन सुरू करावे लागेल. माझे काय चुकते आहे?

उत्तर : तुम्ही ज्याला स्वतःची चूक समजता ती चूक नाही, आणि जो उपाय समजून करता आहात तो मात्र ताबडतोब थांबवायला हवा.

गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे आईचे शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही. बाळाला ग्लुकोज मिळत राहावे यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून हा भार पेलते. काहींचे पेलू शकत नाही, आणि त्यांची साखर वाढते. सकाळची साखर म्हणजे रात्रीच्या जेवणाचा हिशेब, असेही नाही. तुम्ही झोपेत असताना यकृत रक्तात साखर सोडत असते आणि पहाटे कॉर्टिसोलसारखी संप्रेरके त्यात भर घालतात, म्हणून ताटातले कितीही कमी केले तरी उपाशीपोटीचा आकडा जागचा हलत नाही, असा अनुभव पुष्कळजणींना येतो.

उपासमारीने दुसरीच अडचण उभी राहते. कर्बोदके फार कमी पडली की शरीर चरबी जाळू लागते, त्यातून कीटोन तयार होतात आणि ते वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. गरोदरपणात दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदके, ७१ ग्रॅम प्रथिने आणि २८ ग्रॅम तंतुमय घटक मिळावेत, असे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. तेव्हा धान्य परत ताटात आणा. फक्त ते एकदम न खाता तीन जेवणे आणि मधली दोन-तीन छोटी खाणी यांत वाटून घ्या. उतरलेल्या वजनाबद्दल डॉक्टरांना पुढच्या तपासणीची वाट न पाहता सांगा.

तुमच्या नोंदींत मला सर्वांत बोलकी वाटली ती न्याहारीनंतरची वाढ. सकाळी इन्सुलिनला होणारा विरोध दिवसातला सर्वाधिक असतो, त्यामुळे दुपारी सहज पचणारे तेवढेच धान्य न्याहारीला साखर चढवते. म्हणून न्याहारीत धान्याचे प्रमाण सर्वांत कमी ठेवून प्रथिने वाढवावीत, फळ आणि दूध मधल्या वेळेला ढकलावे, फळाचा रस टाळून फळ चावून खावे. जेवताना आधी भाजी आणि डाळ-कडधान्य, शेवटी धान्य असा क्रम ठेवला तर साखर सावकाश चढते. रात्रीचे जेवण आणि न्याहारी यांत फार मोठे अंतर पडू देऊ नका.

चालण्याविषयी घरच्यांची काळजी समजण्यासारखी आहे, पण डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर चालणे हा तुमच्या हातातला मोठा उपाय आहे, कारण काम करणारे स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर आत ओढून घेतात. प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चाला. आठवड्याला साधारण १५० मिनिटे व्हावीत. रक्तस्राव, पाणी जाणे, छातीत दुखणे, चक्कर किंवा नियमित कळा जाणवल्या तर थांबून डॉक्टरांशी बोला. वार गर्भाशयाच्या तोंडाशी असेल किंवा रक्तदाब वाढला असेल, तर आधी विचारूनच सुरुवात करा.

मोजणीत एक बारकावा पाळा. फळ कापल्यावर बोटाला राहिलेला रसही आकडा बराच वाढवून दाखवतो. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, बोटाच्या बाजूला टोचा आणि तासाची मोजणी पहिल्या घासापासून करा. उपाशीपोटी ९५ च्या आत, एका तासाने १४० च्या आत किंवा दोन तासांनी १२० च्या आत, अशी सामान्यतः मर्यादा मानतात.

राहिला प्रश्न इन्सुलिनचा. आहार आणि चालणे नीट बसवूनही आठवडा-दोन आठवड्यांत उपाशीपोटीची साखर ९५ च्या वरच राहिली, तर इन्सुलिन पुढे ढकलू नये असे माझे स्पष्ट मत आहे. टोचलेले इन्सुलिन वार ओलांडून बाळाकडे जवळजवळ जात नाही. साखर मात्र जाते. त्या जादा साखरेला उत्तर म्हणून बाळाचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करते, बाळ प्रमाणाबाहेर वाढते आणि नाळ कापल्यावर त्याची साखर एकाएकी खाली येऊ शकते. इन्सुलिन सुरू झाले की साखर ७० च्या खाली गेल्यास काय करायचे, हे मात्र पहिल्याच दिवशी समजून घ्या.

प्रश्न : माझे बाळ सहा आठवड्यांचे झाले. गरोदरपणात मधुमेह होता. प्रसूतीनंतर साखर नेहमीसारखी झाली. आता तपासणीची गरज आहे का?

उत्तर : आहे, आणि ती याच सुमारास करायची असते. प्रसूतीनंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेल्या तपासणीत साखर खरोखरच पूर्ववत झाली का, हे कळते. ती ठीक आली तरी पुढे टाईप २ मधुमेहाचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त राहतो, म्हणून दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासून घ्यावी. बाळाला अंगावर पाजत असाल तर ते चालू ठेवा. त्याने हा धोका काहीसा कमी होतो. पुन्हा दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हा इतिहास सांगा, म्हणजे चोविसाव्या आठवड्याची वाट न पाहता साखर आधीच तपासता येईल.