वाह पेडल छोटं घ्यायचं की मोठं? आधी बुटाचा नंबर सांगा

मागच्या वेळी पेडलबोर्ड (गिटारची इफेक्ट पेडल्स लावायची फळी) हलका कसा करायचा ते लिहिलं होतं, तर निम्म्या लोकांचं उलट एकच म्हणणं, बाकी सगळं छोटं केलं पण त्या वाहचं, म्हणजे पाय वरखाली करून आवाज ‘वा-वा’ करणाऱ्या पेडलचं, काय करू? त्यातले सात प्रश्न घेतलेत, नावं वगळून.

डोंबिवलीहून लोकलने दादरला जॅमिंगला जातो. गिटार पाठीवर, बोर्ड हातात. बोर्डची अर्धी जागा फुल साइज वाहने खाल्लीय आणि वजन तर विचारूच नका. मिनी घेऊन टाकू का? बूट दहा नंबर आहेत, फरक पडतो का?

फरक पडतो म्हणजे काय, सगळा खेळच तिथे आहे. लोक यूट्यूबवर कान लावून तासन्‌तास आवाज ऐकतात आणि पायाचा विचारच करत नाहीत. डनलॉपचं नेहमीचं क्राय बेबी वाह साधारण २५ सेंमी लांब, बीडासारखं जड, दीड किलोच्या पुढे. मिनी त्याच्या निम्मं समजा. तुमचा दहा नंबरचा बूट बाहेरून ३० सेंमीच्या आसपास असणार, म्हणजे मोठ्या वाहवर पाय जवळपास पूर्ण मावतो आणि मिनीवर फक्त पुढचा अर्धा, टाच मागे लटकत राहते.

मग दोन रस्ते. टाच जमिनीवर ठेवून गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यासारखं घोट्यातून चालवायचं, नाहीतर तळव्याचा मधला भाग बरोबर पेडलच्या बिजागरीवर आणायचा आणि अख्खा पाय वर ठेवायचा. दुसऱ्यात कंट्रोल चांगला पण तुम्ही एका पायावर उभे.

खरी अडचण मात्र अजून वेगळी. वाह करतं काय, तर साधारण ४०० हर्ट्‌झपासून २००० हर्ट्‌झपर्यंत आवाजाचा एक उंचवटा, म्हणजे जो भाग उठून ऐकू येतो तो, मागेपुढे सरकवतं. मोठ्या पेडलवर हा प्रवास पायाच्या लांबलचक हालचालीत होतो, मिनीवर तोच प्रवास जरा पाय हलवला की संपतो. फंकचं चका-चका वाजवत असाल तर काही बिघडत नाही, कारण पाय तसाही या टोकाकडून त्या टोकाला पळतोय. पण संथ लीडमध्ये पेडल मध्येच एका जागी धरून ठेवायचं असेल, तर मिनीवर केसाएवढा पाय हलला तरी टोन बदलतो.

म्हणून दुकानात जाताना शोला घालता तेच बूट घालून जा. उभ्याने वाजवा, बसून नाही. एका बारमध्ये (तालाच्या एका आवर्तनात) एकदा, इतक्या हळू पेडल खाली न्या आणि वर आणा, असे आठ बार. मग मध्यावर थांबवा आणि तिथेच धरून एक लांब बेंड (तार ओढून सूर चढवणं) घ्या. पोटरी थरथरली नाही तर बिनधास्त घ्या, लोकलमध्ये दुवा द्याल.

आणि हो, वेल्क्रो लावल्याशिवाय स्टेजवर नेऊ नका. माझं पहिलं मिनी मी असंच फळ्यांच्या स्टेजवर सुटं ठेवलं होतं, सोलोच्या ऐन मध्यावर ते पायाखालून सटकलं आणि पुढचे चार बार मी गिटार गळ्यात घालून लंगडी खेळलो. ड्रमर अजून विषय काढतो.

क्राय बेबी मिनी, हॉटोन सोल प्रेस, झोटिक आणि आयबानेझ डब्ल्यूएच१० असे चार शॉर्टलिस्ट केलेत. डोकं चालेना. एक सांगा.

एक सांगितलं असतं, पण तुम्ही वाजवता काय तेच लिहिलेलं नाही! तरी बघूया.

क्राय बेबी मिनीत खालचं झाकण उघडलं की आत एक छोटा स्विच सापडतो, तीन पोझिशनचा. एक जाडसर, एक विंटेज वळणाचा आणि एक नेहमीच्या मोठ्या क्राय बेबीसारखा, म्हणजे जीसीबी९५ सारखा. बरेच जण वर्षभर वाजवून विकून टाकतात आणि हा स्विच त्यांनी कधी बघितलेलाच नसतो. हंबकरवाली (तारांखाली दुहेरी कॉइलचे पिकअप असलेली) गिटार असेल तर तिन्ही नक्की ऐका, एका पोझिशनला आवाज चिखलात जातो आणि दुसऱ्यावर मोकळा होतो. याच कंपनीचं मिनी ५३५क्यूसुद्धा आहे, त्यात उंचवटा किती टोकदार हवा ते क्यूच्या नॉबने ठरवता येतं, फ्रीक्वेन्सीची रेंजही बदलता येते आणि वर बूस्ट मिळतो. मी स्वतः तेच वापरतो, म्हणजे माझं मत थोडं वाकडं आहे असं धरून चाला.

सोल प्रेस चारातलं सगळ्यात कामसू. वाह, व्हॉल्यूम आणि एक्स्प्रेशन (दुसऱ्या पेडलचा नॉब पायाने फिरवायची सोय) तिन्ही एकात, त्यामुळे बोर्डवर व्हॉल्यूम पेडलही हवं असेल तर एक जागा वाचते. चर्चमध्ये किंवा लग्नाच्या बँडमध्ये वाजवणाऱ्यांना मी हेच सुचवतो. फक्त वाहसाठीच घेत असाल तर बाकीचेही ऐकून बघा.

झोटिक नेहमीच्या वाहपेक्षा थोडंच लहान आहे, त्याला मिनी नाही म्हणता येणार, पण मोठ्या पायाला मिनी जमत नाही आणि मोठं परवडत नाही (जागेने म्हणतोय) अशांसाठी मधला मार्ग. टोन घडवायला नॉब्स भरपूर, काहींना तेच जास्त होतं. आयबानेझचं नाव निघतं ते रेड हॉट चिली पेपर्सचा गिटारिस्ट जॉन फ्रुशांते याच्यामुळे. जुनं प्लॅस्टिकचं होतं आणि तडकायचं, आताच्या तिसऱ्या आवृत्तीला अ‍ॅल्युमिनियमची बॉडी आहे, वर गिटार आणि बासचा वेगळा स्विच. आवाज ओरडणारा, अंगावर येणारा. आवडला तर दुसरं काही आवडत नाही आणि नाही आवडला तर डोकं उठतं. ऐकल्याशिवाय घेऊ नका.

वायफाय राउटरचा अडॅप्टर पडून आहे, पिन बसते. चालेल का? (वय १६, सांगली)

नको रे बाबा! बसते म्हणून चालते असं नसतं. राउटरचे अडॅप्टर बहुतेक १२ व्होल्टचे आणि पिनच्या मध्यभागी प्लस असलेले. गिटार पेडलला ९ व्होल्ट लागतात आणि मध्यभागी मायनस. उलटं लावलंस तर नशीब चांगलं असेल तर नुसतं बंद राहील, नाहीतर जळलेल्याचा वास येईल. छोट्या वाहमध्ये बॅटरीला सहसा जागाच नसते, त्यामुळे पेडल घेतानाच बरोबर पोलॅरिटीचा ९ व्होल्टचा सप्लाय बजेटमध्ये धर.

नवीन मिनी वाह घेतलं, एकटं मस्त वाजतं. पण माझ्या फझ फेस टाइप फझच्या (आवाज फाडणारं जुन्या वळणाचं पेडल) आधी लावलं की वाह मेल्यासारखं होतं, स्वीपच (पायाबरोबर सरकणारा आवाज) ऐकू येत नाही, मधेच शिट्टी मारतं. पीस डिफेक्टिव्ह आहे का?

पीस चांगला आहे, परत करू नका. ही भांडणं साठ वर्षांची जुनी आहेत. जुन्या पद्धतीच्या फझचा इनपुट इम्पीडन्स (आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) खूपच कमी असतो, तो वाहच्या आउटपुटवर असा लोड टाकतो की फिल्टरला डोकं वर काढता येत नाही. नळाला बारीक धार असताना खाली कुणी मोटर लावून ओढलं तर वरच्याला पाणी कुठून मिळणार, तसं.

उपाय एक, फझ आधी आणि वाह नंतर लावा. फुकट आहे, पाच मिनिटांत होतं, आवाज जास्त रुंद आणि आक्रमक होतो, मला स्वतःला आवडतो. उपाय दोन, वाह आधीच हवं असेल तर दोघांच्या मध्ये एक बफर (सिग्नलला ताकद देऊन पुढे पाठवणारं छोटं सर्किट) टाका. त्यात तोटा एवढाच की फझ फेसची जी मजा असते, गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की आवाज स्वच्छ होत जातो, ती बरीच मरते, कारण आता फझला तुमचे पिकअप दिसतच नाहीत, बफर दिसतो. काही वाहमध्ये फझसाठी म्हणून आतच अशी सोय दिलेली असते, घेताना विचारा.

साध्या ओव्हरड्राइव्हला (फझपेक्षा सौम्य फाटक्या आवाजाचं पेडल) यातलं काही लागत नाही. तिथे वाह आधी लावलं की माणूस बोलल्यासारखं वाटतं, नंतर लावलं की जेट विमान गेल्यासारखं. दोन्ही करून बघा, केबल तर बदलायची आहे.

बाबा विचारतात हे वाह म्हणजे आपलं गाण्यातलं ‘वाह वाह’ का? मला सांगता आलं नाही.

बाबांना सांगा, अर्थ तो नाही, पण तोंड तेच! अगदी सावकाश, एका श्वासात ‘ऊऽऽ आऽऽ’ म्हणून बघा, ओठ हळूहळू उघडत. गळ्यातला सूर बदलत नाही, तोंडाच्या पोकळीचा आकार बदलतो आणि त्यामुळे आवाजातला कुठला भाग उठून दिसतो तो सरकत जातो. वाह पेडल हेच तारेच्या आवाजाला करतं. ट्रम्पेटवाले भोंग्यासमोर म्यूट उघडझाप करून असाच आवाज काढायचे, नाव तिथूनच आलं.

पेडल मात्र जवळजवळ अपघाताने जन्मलं. १९६६ साली कॅलिफोर्नियात थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट नावाचा इंजिनिअर व्हॉक्स अ‍ॅम्पमधला एक महागडा स्विच काढून तिथे स्वस्त सर्किट बसवण्याच्या कामावर होता. स्विचऐवजी पॉट (व्हॉल्यूमच्या नॉबखाली असतो तसा फिरता भाग) फिरवला आणि मधला आवाज असा सरकायला लागला. मग ते सर्किट व्हॉक्सच्या ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलच्या खोक्यात घातलं आणि झालं वाह. कंपनीने पहिल्या पेडलला नाव दिलं क्लाइड मॅकॉय या ट्रम्पेटवाल्याचं. १९६८ पर्यंत गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्सने त्याचं काय करून ठेवलं ते बाबांना हेडफोनवर ऐकवा. खर्च वाचवायला काढलेली वस्तू आणि आपण तिच्यावर खर्च करतोय.

रत्नागिरीत राहतो. पावसाळ्यानंतर वाह काढलं तर पाय हलवला की खर्रऽ खर्रऽ आवाज. नवीनच घ्यावं लागेल का?

अजिबात नाही. दर ऑक्टोबरमध्ये माझ्या टेबलावर अशी पेडल्स येतात, बरीचशी किनारपट्टीची. खारी दमट हवा आतल्या पॉटच्या ट्रॅकवर बसते, बाकी सर्किट ठणठणीत असतं.

करायचं असं. सप्लाय काढा, खालचं झाकण उघडा. पेडलला जोडलेली एक दातेरी पट्टी दिसेल, ती एक छोटं चाक फिरवते आणि चाक पॉटला फिरवतं. पॉटच्या मागच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारा आणि पेडल पंचवीस-तीस वेळा वरखाली करा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे वापरू नका, तो आज आवाज बंद करतो आणि दोन महिन्यांत त्यावर धूळ बसून दुप्पट खर्रखर्र सुरू. उडालेलं पुसून घ्या, तासभर उघडं ठेवा.

तरीही गेलं नाही तर पॉट बदला. इथे गल्ली चुकते. बहुतेक वाहमध्ये १०० केचा पॉट असतो म्हणून लोक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून कुठलाही १०० के आणतात. वाहच्या पॉटचा टेपर वेगळा असतो, मध्ये भराभर आणि टोकांना हळू बदलणारा, म्हणून वाहचाच म्हणून विकतात तो मागवा. नाहीतर सगळा स्वीप एका टोकाला गोळा होतो. आणि काढायच्या आधी चाक आणि पट्टीवर एक एक मार्करची खूण करा, दात एकाने जरी सरकला तरी टाचेकडचा नाहीतर पंज्याकडचा आवाज गायब. मी पहिल्यांदा खूण केली नव्हती, दोन तास गेले.

हा वैतागच नको असेल तर पुढचं वाह ऑप्टिकल घ्या. मॉर्लीवाले फार पूर्वीपासून तसं बनवतात, पॉटऐवजी प्रकाश आणि सेन्सर, घासायला काहीच नाही म्हणून खर्रखर्रही नाही. त्यांच्या काही पेडल्सना स्विचही नसतो, पाय ठेवला की चालू, उचलला की बंद. पेडल मध्येच एका जागी ठेवून पाय काढायची सवय असेल तर मात्र ते चालणार नाही.

आमची बेंजो पार्टी आहे. मी मेन बेंजो वाजवतो. त्याला वाह लावलं तर चालेल का? कुणी लावलेलं बघितलं नाही, लोक हसतील का?

हा प्रश्न वाचून मी खुर्चीतच ताठ बसलो. चालेल! वाहला समोर गिटार आहे की बुलबुलतरंग ते कळत नाही, पिकअपमधून आलेला सिग्नल कळतो. फक्त जोडायचं बेंजोला लागून, मिक्सरच्या आणि इकोच्या आधी. मिक्सरमधून निघालेला सिग्नल फार मोठा असतो, वाह फाटक्या आवाजात बोंबलेल. आणि सगळ्या तारा एकदमच फिल्टर होतील, सुराच्या ताराही मागेपुढे डोलतील, ते आवडतंय का बघा. क्यू कमी-जास्त करता येणारं पेडल असेल तर सोपं जाईल.

अडचण परत पायाचीच. एका जागी खुर्चीवर बसून वाजवत असाल तर मिनी वाह झकास, टाच जमिनीवर टेकून आरामात चालतं, उभ्या गिटारिस्टपेक्षा तुम्हाला सोपं. मांडी घालून बसत असाल तर विषय संपला. आणि मिरवणुकीत ट्रॉलीबरोबर चालत वाजवत असाल तर ऑटो-वाह बघा, म्हणजे एनव्हलप फिल्टर, त्यात पायाचं काम तुमचा हात करतो, जोरात छेडलं की फिल्टर उघडतो, हळू छेडलं की मिटतो. पण बेंजोचा हात म्हणजे सलग तडतड, फिल्टरला मिटायला फुरसतच मिळत नाही आणि ते सारखं उघडंच राहतं. म्हणून सेन्सिटिव्हिटी अगदी कमीपासून सुरू करा, नुसत्या ठोक्याच्या स्ट्रोकला उघडेल इतकीच ठेवा, आणि ती कोळीगीतावर लावून बघा, फास्टवर नाही. लोक हसले तर हसू दे, रेकॉर्डिंग मात्र आधी मला पाठवा.