आधी ते सहा कोर्स बाजूला ठेव

अरे, तुझा मेसेज वाचला, फोनवर घाईघाईत बोलणं होतं म्हणून लिहितेय. नोकरीत चार वर्षं जावा ८ वर, म्हणजे जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या जुन्या व्हर्जनवर काढली, आता नवी नोकरी शोधताना बाहेर सगळे क्लाउड नि एआय विचारतात आणि आपण मागे पडलो असं तुला वाटतंय. नाही पडलास. पण ते सहा कोर्स एकदम घेतलेस ना, ते आधी बंद कर.

जावा हातात आहे तर तिथूनच पुढे सरक. जावा ८ आलं २०१४ मध्ये, २१ आलं २०२३ मध्ये, मधलं अंतर तुला स्वतःच्या हातानं चालून जायचंय. घरी स्प्रिंग बूट २ वर, म्हणजे जावात अ‍ॅप बनवायच्या तयार सांगाड्यावर, एक छोटं अ‍ॅप बनव, किराणा दुकानाच्या उधारीची वही पण चालेल, खाली डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस ठेव, आणि चालायला लागलं की ते बूट ३ वर ने. त्याला कमीत कमी जावा १७ लागतं, आणि जावाएक्स नावाची बरीच पॅकेजेस, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, आता जकार्ता नावाची झालीयेत, त्यामुळे कोडचं अ‍ॅप बनवताना पहिल्याच बिल्डला एररचा ढीग पडेल. तेव्हा डोळे झाकून रिप्लेस ऑल मारू नकोस हं, कारण जावाएक्स डॉट एसक्यूएल हे जावाचंच आहे, ते तसंच राहतं. असली एक गोष्ट स्वतः अडखळून कळली की इंटरव्ह्यूत ती पाठ करावी लागत नाही, आपोआप तोंडात येते.

मी इंटरव्ह्यू घेते तेव्हा एवढंच बघते. एकाच्या रेझ्युमेवर बारा टेक्नॉलॉजी होत्या, काफ्का, म्हणजे सिस्टीममध्ये मेसेज पोचवणारं टूल, का वापरलं विचारलं तर म्हणाला ट्युटोरियलमध्ये होतं. दुसरीकडे एक मुलगी, तिनं डेटाबेसची एक स्लो क्वेरी एक्स्प्लेन लावून, म्हणजे डेटाबेस ती कशी चालवतो ते दाखवणारी कमांड देऊन, कशी पकडली, इंडेक्स कुठे टाकला आणि नंतर इन्सर्ट का थोडे हळू झाले ते सांगितलं, बास, मी तिलाच घेतलं.

क्लायंटचा कोड गिटहबवर चुकूनही टाकू नकोस. नोटिस पिरियड ९० दिवसांचा असेल तर बायआउट, म्हणजे पैसे भरून लवकर सुटणं, होतो का ते आत्ताच बघून ठेव, आणि ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नाही. उत्तरं मोठ्यानं बोलून बघ, आधी मराठीत, कारण मराठीत अडकलास तर भाषेचा प्रश्न नाहीये, विषयच समजलेला नाहीये.

रविवारी रेपोची, म्हणजे तुझ्या अ‍ॅपचा कोड जिथे ठेवशील त्याची, लिंक पाठव, बिल्ड फुटलेला असला तरी चालेल, एरर आपण दोघं मिळून बघू.

तुझी ताई