रोस्टरमधली सुट्टी आणि घरचं विमान

पत्र: सर, आमची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे आणि तिला पायलट व्हायचंय. मध्यंतरी एका घरगुती कार्यक्रमात एअरलाइनचे दोन पायलट भेटले. एकाने स्वतःचं चार सीटचं विमान घेतलंय, सुट्टीत बायकामुलांना घेऊन उडतो. दुसराही घ्यायच्या विचारात होता. कुठलं विमान बरं, ड्यूटीच्या गणितात ते कसं बसवायचं, यावर दोघांच्या बराच वेळ गप्पा चालल्या होत्या आणि आमची लेक कान टवकारून ऐकत होती. ‘महिन्यातले निम्मे दिवस मी घरीच असतो,’ हे वाक्य तर तिने पाठच केलंय. एअरलाइनची नोकरी, स्वतःचं विमान आणि मागच्या सीटवर आम्ही दोघं, असं तिचं चित्र तयार आहे. यांना कौतुक वाटतं. मला दोन शंका आहेत. खरंच इतकी सुट्टी मिळते का? आणि एवढं मोठं विमान चालवणाऱ्याला छोटं विमान म्हणजे हातचा मळ, असं समजायचं का?

ताई,

त्या दोघांनी थाप मारलेली नाही. फक्त नोकरीला किती वर्षं झाली, एवढं लेकीने त्यांना विचारायला हवं होतं.

आधी सुट्टीचं बघू. पायलटने किती तास उडावं यावर कायद्याची मर्यादा असते. अमेरिकेत 365 दिवसांत 1000 तास, युरोपात कॅलेंडर वर्षाला 900, आणि दोन्हीकडे 28 दिवसांत 100 च्या वर नाही. हे ऐकलं की पालकांचे डोळे चमकतात, कारण ऑफिसात माणूस वर्षाला याच्या दुप्पट तास बसतो. पण हे तास विमान जागेवरून हललं की सुरू होतात आणि पुन्हा उभं राहिलं की संपतात. त्याआधीचं रिपोर्टिंग, हवामानाची आणि इंधनाची कागदपत्रं, दोन उड्डाणांच्या मधलं ताटकळणं, परगावच्या हॉटेलातली रात्र, यातलं काहीही त्या हजारात धरलेलं नसतं. तरीही सलग चार-पाच दिवस मोकळे मिळणं या नोकरीत घडतं, आणि ते खरोखर मोकळे असतात. विमान सोडलं की काम तिथेच राहतं, घरी फाइल येत नाही. एवढं सुख बाकीच्या बऱ्याच नोकऱ्यांत नाही, हे मान्य करायला हवं.

अडचण आहे ती कुठले दिवस मोकळे मिळणार याची. अनेक मोठ्या कंपन्यांत, अमेरिकेत तर सर्रास, सगळा कारभार सिनिऑरिटीवर चालतो. रुजू झाल्याच्या तारखेवरून यादीत नंबर पडतो. दर महिन्याला प्रत्येक जण आपली पसंती कळवतो आणि वाटप यादीच्या वरच्या टोकापासून सुरू होतं. शनिवार-रविवार, शाळेच्या सुट्ट्या वरच्यांनी उचलल्या की उरेल ते खालच्यांचं. अगदी नव्यांना तर ठरलेली उड्डाणंही मिळत नाहीत, स्टँडबायवर राहावं लागतं. फोन आला की सांगितलेल्या वेळेत विमानतळावर हजर. नाही आला, तरी दिवस आपला नाही, गावाबाहेर पडता येत नाही. अशा दिवशी घरच्यांना घेऊन विमान काढायचा विचारसुद्धा करायचा नसतो. आणि कंपनी बदलली की पुन्हा यादीच्या तळाशी.

यातली एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, म्हणून यादीत वर पोचलेला माणूस कॅप्टन झाला की कॅप्टनांच्या यादीत तळाला जातो. पगार वाढतो, खांद्यावरच्या पट्ट्या वाढतात, आणि शनिवार-रविवार गायब होतात. म्हणून मुलं लहान असताना काही पायलट बढती मुद्दाम लांबवतात. कार्यक्रमात भेटलेला तो ‘निम्मे दिवस घरी’वाला बहुधा असाच एखाद्या यादीच्या वरच्या भागात बसलेला असणार. तिथे पोचायला वर्षं लागतात आणि ती वर्षं साधारण तीच, ज्यांत माणूस संसार मांडतो. सगळ्या कंपन्या अशाच असतात असं नाही. काही युरोपीय कंपन्यांत पाच दिवस काम, चार दिवस सुट्टी असा ठरलेला क्रम असतो आणि तो नव्यालाही मिळतो. लेक नोकरी शोधेल तेव्हा पगाराच्या आकड्याइतकीच रोस्टरची, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाची, पद्धत विचारून घ्यावी, असं मी मुलांना नेहमी सांगतो. मुलं पगारच विचारून येतात, हा भाग वेगळा.

राहायचं कुठे, हेही यातच येतं. नेमणूक एका शहरात आणि घर दुसऱ्या शहरात असेल, तर ये-जा सुट्टीच्या दिवसांतून कापली जाते, झोपेतूनही. 12 फेब्रुवारी 2009 ला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडून 50 माणसं गेली. त्या विमानाची फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाहून, रात्रभर प्रवास करून ड्यूटीवर आली होती. कॅप्टनही बाहेरगावचा, क्रू रूममध्येच झोपलेला. दोघांच्या थकव्याची तपासात नोंद झाली आणि अमेरिकेतले विश्रांतीचे आजचे कडक नियम, जे 2014 पासून लागू आहेत, त्यामागे हा अपघात आहे.

आता तुमची दुसरी शंका. हातचा मळ अजिबात नाही. उलट काही सवयी बदलाव्या लागतात. जेटच्या कॉकपिटमध्ये बसलेल्या पायलटचे डोळे धावपट्टीपासून बरेच उंच असतात, सेसनासारख्या छोट्या विमानात ते जेमतेम उभ्या माणसाच्या उंचीवर. त्यामुळे रोज जेट उतरवणारा माणूस सवयीने छोट्या विमानाचं नाक फार लवकर उचलतो, आणि विमान वरच्या वर वेग गमावून धप्पकन बसतं. जेटमध्ये पायांना फार काम नसतं, तर एका पंख्याचं छोटं विमान टेकऑफला डावीकडे ओढतं आणि उजव्या पायाने रडरचं, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूचं, पेडल दाबून धरावं लागतं. मोठं विमान 35,000 फुटांवर जाऊन हवामानाच्या वरून निघून जातं. छोटं बहुतेक वेळा त्या ढगांच्याच उंचीवर असतं, आणि पंखांवर बर्फ धरला तर तो काढायची सोय त्यात सहसा नसते. शेजारी दुसरा पायलट नाही, जमिनीवर उड्डाणाची आखणी करून देणारा डिस्पॅचर नाही. कायद्यालाही हा फरक कळतो. प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या 90 दिवसांत त्याच वर्गाच्या विमानाची तीन टेकऑफ-लँडिंग झालेली असावी लागतात. एअरबस शंभर वेळा उतरवली असली तरी ती यात धरत नाहीत.

वजनाचं गणित तर एकदा लेकीला कागदावर मांडायला लावा. सेसना 172 घेऊ. 1956 पासून बनतंय, 44,000 हून जास्त बनलीत, आणि ती शिकायला गेली तर याच विमानात बसण्याची शक्यता मोठी. याच्या 172 एस मॉडेलचं टेकऑफचं कमाल वजन 1157 किलो. रिकामं विमान साधारण 770 किलो. उरले 387. टाक्या काठोकाठ भरल्या तर वापरता येण्याजोगं इंधन सुमारे 200 लिटर, त्याचं वजन 144 किलो. उरले 243. लेक, तुम्ही आणि यजमान, सरासरी 80 किलो धरा. झालं. चौथी सीट रिकामी आणि बॅगा घरी. चौघांना न्यायचं तर टाक्या अर्ध्याहून थोड्या कमीच भरायच्या. हे इंजिन तासाला 30-35 लिटर पितं आणि उतरताना निदान अर्ध्या तासाचं शिल्लक लागतं, म्हणजे हातात राहिले जेमतेम अडीच तास. ताशी 220 किलोमीटरच्या आसपास वेग धरला तर साडेपाचशे किलोमीटर, तेही समोरून वारा नसेल तर. उन्हाळ्यातली दुपार आणि उंचावरची धावपट्टी असेल तर इंजिन तेवढा जोर देत नाही, मग आणखी काटछाट. एअरलाइनमध्ये प्रवाशांची सरासरी वजनं धरतात आणि कॅप्टनच्या हातात लोडशीट, म्हणजे वजनाचा हिशेब, तयार मिळते. इथे आत्याला तिचं खरं वजन विचारायचं काम पायलटचं. हे काम मोठमोठ्या कॅप्टनांनाही जड जातं.

मोठी विमानं आहेत. सेसना 182 जास्त वजन उचलतं, बीचक्राफ्टच्या बोनान्झाला सहा सीटचं मॉडेल आहे, सिरस एसआर 22 ला अख्खं विमान खाली आणणारं पॅराशूट आहे. ही चर्चा चवीने करणारे पायलट मी पुष्कळ ऐकलेत. लेकीला यात आत्ता काही ठरवायचं नाही.

खरी काळजी तुम्ही करावी ती रोस्टर आणि घरचं विमान जिथे एकत्र येतात तिथली. समजा चार दिवस सुट्टी आहे, विमानाने सगळे फिरायला गेलेत, आणि सोमवारी पहाटे पाचचं रिपोर्टिंग आहे. रविवारी दुपारी ढग खाली आलेत. मुलं कंटाळलीत, भाड्याची खोली सोडून झालीय. ‘थोडं उघडलंय, निघू या’ हे वाक्य अशा वेळी तोंडी येतं, आणि समोर बसलेल्यांपैकी कोणीही ‘नको’ म्हणण्याच्या स्थितीत नसतं, कारण त्यांच्या मते हा तर एअरलाइनचा पायलट आहे. 16 जुलै 1999 ला अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन केनेडी ज्युनिअर पत्नी आणि मेहुणीला घेऊन रात्री पायपर साराटोगा या छोट्या विमानातून निघाले. ते हौशी पायलट होते, एअरलाइनचे नव्हेत. पण दुसऱ्या दिवशी घरातलं लग्न होतं, निघायला उशीर झाला होता, समुद्रावर धूसर अंधार होता. वर-खालीचं भान सुटून विमान समुद्रात गेलं, असा तपासाचा निष्कर्ष आहे. कुठेतरी वेळेत पोचायचंय हा दबाव अनुभवी माणसालाही सोडत नाही, आणि एअरलाइनच्या पायलटवर तो प्रत्येक सुट्टीच्या शेवटी असतो. अमेरिकेत खाजगी उड्डाणाचे तास त्या हजारात मोजत नाहीत, पण ड्यूटीवर येताना ‘मी तंदुरुस्त आहे’ असं लिहून द्यावं लागतं. तीन तास हेलकावे खात विमान चालवून आलेल्याने ते प्रामाणिकपणे लिहायचं असेल, तर परतीचा दिवस आणि ड्यूटी यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस मोकळा हवा. आणि परतीची दुसरी सोय, गाडी किंवा रेल्वे, निघण्याआधीच बघून ठेवलेली हवी. हे जमत नसेल त्या आठवड्यात विमान हँगरमध्येच बरं.

म्हणून तुमच्या लेकीचं चित्र मी पुसणार नाही, त्यातला क्रम बदलेन. आधी एअरलाइन, स्टँडबायची वर्षं. त्या काळात विकत घेण्याऐवजी एखाद्या फ्लाइंग क्लबचं विमान, महिन्यातून एखाद-दोन तास, सुरुवातीला शेजारी इन्स्ट्रक्टर. जेटवर गेल्यावर छोट्या विमानाचा हात टिकतो का आणि सुट्टीत उडावंसं वाटतं का, हे तेव्हाच कळेल. बऱ्याच जणांना नाही वाटत. ज्यांना वाटतं त्यांनी चार जणांत मिळून विमान घ्यावं. एकट्याचं विमान महिनोन्‌महिने उभं राहतं, आणि उभं राहिलेलं इंजिन आतून गंजतं.

सध्या कामाची गोष्ट एकच. क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटला लागणारी वैद्यकीय तपासणी, करून घ्या. दृष्टी, रंग ओळखणं, ऐकणं, हृदय, सगळं त्यात बघतात. चष्मा असला तर घाबरू नका, बहुतेक वेळा चालतो. रंगांच्या तपासणीत मात्र अडचण निघाली तर ती फी भरण्याआधी कळलेली बरी. ही तपासणी साधारण दर वर्षी द्यावी लागते, तेव्हा प्रकृतीची काही जुनी तक्रार असेल तर ती लपवू नका, कागद घेऊनच जा. नंतर एकदा इन्स्ट्रक्टरबरोबर, उडणं म्हणजे काय याची ओळख होण्यापुरतं, एक उड्डाण करू द्या, जमल्यास वारा असलेल्या दिवशी. मेडिकलचा निकाल हातात येईपर्यंत कुठल्याही फ्लाइंग स्कूलला आगाऊ रक्कम देऊ नका, सवलतीची शेवटची तारीख उद्याची असली तरी.